कॉम्प्युटर सायन्स घ्यावं की नाही? एका जुन्या बँकवाल्याचं म्हणणं



गेल्या आठवड्यात इंदुरातच एका मुंजीला गेलो होतो. पंगतीत शेजारी बसलेल्या गृहस्थांनी मला गाठलं. मुलगा बारावीत आहे. म्हणाले, "काका, दोन वर्षं घरात कॉम्प्युटर सायन्सचाच जप चालू होता. आता जो तो सांगतोय, एआय आलं, ती लाइन संपली. तुम्ही बँकेत कर्जाचं बघायचात. पैसे घालू की नको?" पानात जिलबी असताना असल्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहितोय. लांबेल, आधीच सांगून ठेवतो.

मी बी.कॉम., १९७१ चा. संगणकाचं शिक्षण शून्य. तरी या विषयात तोंड घालतोय, कारण माझी नात दोन वर्षांपासून इथेच बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स करतेय आणि संध्याकाळी तिची पुस्तकं मी चाळत बसतो. दुसरंही एक कारण आहे, ते पुढे येईल.

माझी समजूत अशी होती की या पदवीत दोन-चार भाषा शिकवतात, टायपिंगच्या क्लाससारखं, आणि मुलं नोकरीला लागतात. पुस्तक उघडलं तर निघालं गणित. डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स म्हणून विषय आहे. त्यात एक प्रकरण होतं भागाकारातल्या बाकीचं. ते वाचताना मी खुर्चीत सरळ बसलो. बँकेत दिवसअखेरीला आकडे जुळले नाहीत की आमचे जुने हेडकॅशियर आधी फरकाला ९ ने भागून बघायला सांगायचे. पूर्ण भाग गेला तर बहुधा कुणीतरी आकड्यांची अदलाबदल केलेली असायची, ५४०० च्या जागी ४५००. फरक ९००. ही युक्ती मी अडतीस वर्षं वापरली, शंभरदा तरी त्या युक्तीमुळे वेळेवर घरी आलो. पण ती का चालते, हे कधी विचारलं नाही. नातीने कागदावर दोन ओळीत दाखवलं. एकं-दहंचे आकडे उलटे केले की फरक नेहमी त्या दोन आकड्यांमधल्या फरकाच्या नऊपट येतो. मग म्हणाली, "आबा, तुम्हाला हे येत होतं की!" मला येत नव्हतं. मला फक्त करता येत होतं.

माझ्या मते ही पदवी म्हणजे हाच फरक. करता येणं सहा महिन्यांच्या क्लासमध्येही जमतं. का चालतं, कुठे चालणार नाही, हे शिकायला तीन-चार वर्षं लागतात. ॲलन ट्युरिंगने १९३६ साली, आजच्यासारखा संगणक जन्मायच्या आधी, सिद्ध केलं की काही प्रश्न कुठलंही यंत्र कधीच सोडवू शकणार नाही. हे या पोरांना शिकवतात. मला ते अर्धंच समजलं, पण समजलं तेवढ्याने रात्री झोप लागेना.

डेटाबेसच्या पुस्तकात तर आमची शाखाच भेटली. एका खात्यातून पैसे काढले, दुसऱ्यात जमा करायचे, आणि मध्येच वीज गेली तर? एकतर दोन्ही नोंदी व्हाव्यात, नाहीतर एकही होऊ नये. याला ते अ‍ॅटॉमिसिटी म्हणतात. आम्ही याला नावे-जमा म्हणायचो आणि जेवणाच्या सुट्टीत अर्धी नोंद सोडून गेलेल्या क्लार्कला शिव्या द्यायचो. जिम ग्रे नावाचा या विषयातला मोठा माणूस होऊन गेला, १९९८ साली त्याला ट्युरिंग पुरस्कार मिळाला. यंत्र किती व्यवहार झेपवतं हे मोजायला त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली जी कसोटी मांडली, ती बँकेतल्या डेबिट-क्रेडिटचीच. आणि ज्या वर्षांत तिकडे हे चाललं होतं, त्याच सुमारास मी काळी फीत लावून संगणकाच्या विरोधात शाखेबाहेर घोषणा देत होतो.

आता ते दुसरं कारण. १९९४ साली माझ्या मुलीने कॉम्प्युटर सायन्सचा फॉर्म घरी आणला होता. गणितात तिला नव्वदच्या वर मार्क होते. मी म्हटलं, ही चार दिवसांची हवा आहे, बी.कॉम. कर, बँकेची परीक्षा दे. तिने दिली नाही, पण बी.कॉम. केलं. मी जगाचा अनुभव असलेला माणूस, एका वाक्यात निकाल दिला. नातीच्या प्रवेशाच्या वेळी मुलगी मला म्हणाली, "बाबा, या वेळी तुम्ही काही बोलू नका." मी बोललो नाही.

म्हणून पंगतीतल्या गृहस्थांना सांगावंसं वाटतं की "लाइन संपली" हे वाक्य मी तीस वर्षांपूर्वी बोलून बसलोय, उलट्या बाजूने. मी चाललेल्या हवेला भिऊन मुलीला अडवलं. तुम्ही दोन वर्षं हवा बघून मुलाला ढकललंत आणि आता हवा फिरली म्हणून ओढताय. त्याला गणित आवडतं का, हे मात्र तुम्हीही सांगितलं नाहीत, मीही तेव्हा विचारलं नव्हतं.

एआयचं म्हणाल तर बँकेत मेकर-चेकर असतो. एक नोंद करतो, दुसरा तपासतो. तपासणाऱ्याला करणाऱ्यापेक्षा जास्त कळावं लागतं, नाहीतर तो नुसता सही ठोकतो. आमच्या शाखेत यंत्र आल्यावर पहिल्याच सहामाहीत एका प्रकारच्या खात्यांवर व्याज चुकीच्या दराने लागलं. छापील कागद इतका सुंदर होता की कुणी शंका घेतली नाही. मी जुन्या सवयीने चार खाती हाताने प्रॉडक्ट काढून बघितली तेव्हा सापडलं. उद्या प्रोग्रॅम यंत्र लिहील, लिहू दे. तो तपासणारा माणूस कुठून आणणार? सुरुवातीच्या नोकऱ्या कमी होतील, पगार पूर्वीसारखे चढणार नाहीत, हे मी नाकारत नाही. ज्याला फक्त नोकरीचं तिकीट हवं होतं त्याने दुसरी खिडकी बघावी.

आणि पैशाचं. हा माझा प्रांत, इथे मी ठाम आहे. लांबच्या गावातल्या चकचकीत खासगी कॉलेजात बी.टेक.साठी दरसाल २ लाख कर्ज उचललंत, १० टक्के धरा, चार वर्षं शिक्षण आणि वर एक वर्ष हप्त्याला सवलत. त्या पाच वर्षांत सरळ व्याजच २ लाख ८० हजार होतं. मुद्दल ८ लाख वेगळं. "आत्ता हप्ता नाही ना" म्हणून खूश होणारे आईबाप मी टेबलापलीकडून खूप पाहिलेत. व्याज थांबत नाही हो, ते चालूच असतं. शिकताना जमेल तेवढं व्याज भरत गेलात तर पुढचं ओझं हलकं होतं, हे मी प्रत्येकाला सांगायचो, ऐकायचे दहातले दोन. त्यापेक्षा घरी राहून, आईच्या हातचं जेवून, सरकारी कॉलेजात तीन-चार वर्षांची बी.एस्सी. करायला लाज कसली? आपल्या लोकांना इंजिनियर हा शब्द पत्रिकेत छापायला बरा वाटतो, एवढंच. बी.एस्सी.नंतर एम.सी.ए. आहे, एम.एस्सी. आहे. तोवर मूल मोठं होतं, कर्ज घ्यायचं की नाही ते स्वतः ठरवतं.

कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत बघू नका. गणित कोण शिकवतं ते विचारा. प्रयोगशाळा संध्याकाळी उघडी असते का ते विचारा. शेवटच्या वर्षाच्या एखाद्या मुलाला बाजूला घेऊन, त्याने स्वतः काय बनवलं ते विचारा. पाच मिनिटांत अंदाज येतो.

त्या गृहस्थांनी ही पोस्ट वाचली तर मुलाला घेऊन घरी यावं. माहितीपत्रक आणू नका, अभ्यासक्रमाची पानं आणा. सध्या नातीची परीक्षा चालू आहे, ती संपली की तीही बसेल. तुम्ही मात्र बाहेर ओट्यावर बसायचं, मुलाशी आम्ही दोघं बोलू.