साबणाची रेघ

मे महिन्यात मिरजेला माहेरी गेले होते. दुपारची जेवणं आटोपून आम्ही बहिणी पंख्याखाली टेकलो, तोच आपाचा मुलगा एक फोटो घेऊन आला. बुटकी, लांबट, विनाछपराची गाडी. पुढची चाकं अंगाबाहेर आलेली. "खाला, ही गाडी लोक घरी बनवतात. आणि कशी बनवायची याचं पुस्तक एका शिक्षकाने लिहिलंय!"

"याचं हेच चालू असतं," आपा म्हणाली. "पॉलिटेक्निकचे दोन विषय राहिलेत, त्याची काही फिकीर नाही."

शिक्षकाचं नाव निघालं म्हणून मी उठून बसले. इंग्लंडमधल्या आउंडल शाळेत शिकवणारे रॉन चॅम्पियन यांचं ते पुस्तक. १९९६ साली आलं. अवघ्या २५० पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार बांधा, असं त्याच्या नावातच आहे. डोळ्यांपुढे नमुना होता लोटस सेव्हनचा. ही गाडी कॉलिन चॅपमन यांनी १९५७ मध्ये आणली. वजन जेमतेम ५०० किलो. सुटे भाग घेऊन घरी जोडली तर त्या काळी तिथे खरेदी-कर लागत नसे, म्हणून बेताच्या कमाईचे शौकीन ती स्वतःच जोडत. चॅम्पियन मास्तर त्याही पुढे गेले. लोखंडी चौकोनी नळ्यांचा सांगाडा घरी वेल्ड करा, इंजिन-गिअरबॉक्स भंगारातल्या जुन्या फोर्ड एस्कॉर्टचं काढा, आणि वर पत्रा चढवा.

आमच्या पोराचं सगळं लक्ष त्या पत्र्यावर होतं. अ‍ॅल्युमिनियमचा, मिलिमीटरभर किंवा किंचित जास्त जाड. वजनाला लोखंडाच्या एक तृतीयांश. बाजूचे पत्रे सोपे असतात. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापायचा, तो पत्र्यावर ठेवून आखायचं, कापायचं, नळीवरून वळवून रिव्हेट मारायचे. मात्र लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यामध्ये सीलंटचा थर हवा. नाहीतर पाणी शिरलं की दोन धातूंच्या जोडावर अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. बॉनेटसुद्धा एकाच दिशेने वळतं, नळीभोवती कागद गुंडाळावा तसं.

अवघड असतं ते नाक. ते दोन्ही दिशांनी गोल. सेव्हनच्या पहिल्या गाड्यांचं नाक अ‍ॅल्युमिनियमचं होतं, १९६० नंतरच्या गाड्यांना फायबरग्लासचं आलं. घरी बांधणारे बहुतेक जणही आज तयार फायबरचंच नाक विकत घेतात. याला मात्र पत्र्याचंच ठोकायचं होतं.

शिवणकाम करणाऱ्या बहिणींना यातली अडचण चटकन कळेल. सपाट कापड उभारावर बसवायचं तर टक्स घ्यावे लागतात, बाहीच्या गोलाईत चुण्या जिरवाव्या लागतात. पत्र्याचंही तसंच, फक्त इथे सुई-दोरा नाही. एक तर मधला भाग ताणायचा. वाळू भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी मोगरीने ठोकला की तो पातळ होत खोलगट होतो. नाहीतर कड आक्रसायची. म्हणजे कडेला मुद्दाम चुण्या पाडायच्या आणि त्या पसरू न देता ठोकून जिरवायच्या. तिथे पत्रा जाड होतो. नंतर ठोक्यांचे खड्डे काढायला इंग्लिश व्हील नावाचं यंत्र असतं. वर मोठं सपाट चाक, खाली लहान फुगीर चाक, आणि मधून पत्रा पुढे-मागे, पुढे-मागे, तासन्‌तास.

आता एक कबुली. माझे भाईजान मिरजेत गाड्यांचं डेंटिंग करतात. नववीत शाळा सोडून गॅरेजात लागले. माझ्या बीएडची फी त्यांनी भरली, आणि त्या नोटांना ग्रीसचा वास यायचा. आणि मी, शिक्षिका झाल्यावर, वर्गात पंधरा वर्षं बिनदिक्कत म्हणत आले: "अभ्यास केला नाहीत तर गॅरेजात जाल!" या पोरालाही दहावीच्या वेळी हेच ऐकवलं होतं. भाईजान तेव्हा बाजूलाच चहा पीत बसले होते. काही बोलले नाहीत.

असो. संध्याकाळी त्याच्यासोबत मीही गॅरेजात गेले. ठोकून ठोकून पत्रा कडक होतो, मग चिरतो. त्याआधी तापवून पुन्हा मऊ करावा लागतो. लोखंड तापलं की लाल होतं, डोळ्यांना इशारा देतं. अ‍ॅल्युमिनियम तसं काही दाखवत नाही. सुमारे ४०० अंशांपर्यंत तापवायचं, ६६० ला ते वितळतं, आणि त्याच्या रंगावरून यातलं काहीच कळत नाही. पोराने स्वतःच्या हिमतीवर पहिला तुकडा तापवला. बघता बघता मधोमध भोक पडून पत्रा खाली ओघळला. तो घाबरून मामूंकडे बघू लागला.

भाईजान आत गेले आणि मोरीतली साबणाची वडी घेऊन आले. दुसऱ्या तुकड्यावर साबणाच्या चार रेघा ओढल्या. "आता ज्योत फिरवत ठेव. एका जागी थांबू नकोस. रेघ काळी पडली की बाजूला घे." रेघा आधी पिवळट झाल्या, मग तपकिरी, मग काळ्या. थंड झाल्यावर तोच पत्रा हाताने वाकू लागला. मी विचारलं, हे कुठे शिकलात? म्हणाले, उस्तादांकडे. उस्ताद बसच्या बॉडीची कामं करायचे. आपल्या लाल एसटीचं अंग कित्येक वर्षं अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचंच होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी त्यातूनच कॉलेजला जायची.

सुट्टीभर मामा-भाच्यांचं हे चाललं. नाक काही झालं नाही. कढईएवढा एक वाटोळा भाग झाला, त्यालाही कडेला चीर गेली. चिरेच्या टोकाला ड्रिलने बारीक भोक पाडलं की ती पुढे पळत नाही, मग वेल्ड करायची, हे त्याला त्या दिवशी कळलं. आणि गाडी? आपल्याकडे घरी बांधलेली गाडी सहजासहजी रस्त्यावर उतरवता येत नाही. ब्रिटनमध्येही एकेका गाडीची सरकारी तपासणी होते, तेव्हाच नंबर मिळतो. आपाने मला स्पष्टच विचारलं, "यातून त्याचं होणार काय?" मला उत्तर देता आलं नाही. राहिलेले दोन विषय त्याला काढावेच लागतील, एवढं मात्र मी त्याला बजावलं. गॅरेजचं नाव न घेता.

जूनमध्ये शाळा उघडली. सहावीच्या वर्गात मी चेंडू आणि जुनं वर्तमानपत्र घेऊन गेले आणि म्हटलं, एकही सुरकुती न पडता हा चेंडू झाकून दाखवा. वीस मिनिटं नुसता गोंधळ. मग मागच्या बाकावरचा, एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा म्हणाला, "टीचर, कागदाने नाही होणार. पत्रा असता तर अब्बांनी ठोकून बसवला असता."

"काय करतात अब्बा?"

"डेंटर आहेत," तो म्हणाला, आणि कोणी हसतंय का ते त्याने आधी वळून पाहिलं.