अकोल्याला दान नको, वाटा हवा

घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. भंडारदरा अकोले तालुक्यात, निळवंडे अकोले तालुक्यात, वीजही इथेच तयार होते. मग या तालुक्याने हवामानबदलाच्या नावाने गळा काढण्याचे कारण काय? हा युक्तिवाद चावडीवरही ऐकू येतो आणि मंत्रालयातही. वरवर पाहता तो बिनतोड आहे, म्हणून त्याचा समाचार आधी घ्यायला हवा.

पाऊस पडणे आणि पाणी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सह्याद्रीच्या माथ्यावर मातीचा थर पातळ आणि खाली काळा कातळ. जून ते सप्टेंबरात कोसळलेले पाणी काही तासांत ओहोळातून प्रवरेला किंवा मुळेला मिळते आणि तालुक्याबाहेर जाते. रतनवाडी, साम्रद, कुमशेत, पाचनई या पट्ट्यात पावसाळ्यात छत्री टिकत नाही आणि एप्रिल-मे महिन्यांत वरच्या वाड्यांतल्या बाया झऱ्याच्या खड्ड्यातून वाटीवाटीने पाणी उपसून हंडा भरतात. तिथून पन्नास-साठ किलोमीटर पूर्वेला अकोले शहराच्या आसपास पाऊस घाटघरच्या दहाव्या हिश्शावर येतो. एकाच तालुक्यात चेरापुंजीही आहे आणि दुष्काळी माणदेशही. 'सरासरी' नावाच्या आकड्याने या दोन्हींवर पांघरूण घातले की तक्रार खोटी ठरवणे सोपे जाते.

शिवाय पावसाची चाल बदलली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या क्षेत्रावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या आणि त्याच काळात पावसाळ्याचा एकूण पाऊस मात्र घटला. भातशेतीच्या भाषेत याचा अर्थ असा: राब भाजून रोप टाकले की जूनमध्ये खंड पडतो, आवणीच्या वेळी बांध फुटेपर्यंत पाऊस येतो आणि कापलेला भात खाचरात पसरला असताना अवकाळी येतो. वर्षाची बेरीज तीच राहिली, तरी शेतकऱ्याची झोळी रिकामी राहू शकते.

आता धरणांचे पाहू. भंडारदऱ्याचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि १९२६ मध्ये संपले. मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला मिळाले. त्या पाण्यावर खालच्या प्रवरा खोऱ्यात उसाचे मळे उभे राहिले आणि १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना. निळवंड्याच्या डाव्या कालव्यात २०२३ मध्ये पाणी सोडले गेले आणि संगमनेर, राहाता, सिन्नरकडच्या कोरड्या गावांची कित्येक दशकांची प्रतीक्षा संपली. त्या गावांना पाणी मिळू नये असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण धरणाचे पाणी उतारानेच जाते. जलाशयाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या माणसासाठी ते समोर दिसते एवढेच. त्याला ते हवे तर उपसावे लागते, उपशाला वीज लागते आणि विजेची गोष्ट आणखीच मजेशीर आहे.

भंडारदऱ्याच्या पायथ्याला १२ मेगावॅटचे आणि खाली कोदणीला ३४ मेगावॅटचे वीजघर आहे. घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला: वरचे धरण अकोले तालुक्यात, खालचे कोकणात शहापूर तालुक्यात. रात्री मागणी कमी असताना ग्रीडमधली वीज घेऊन पाणी वर चढवायचे आणि संध्याकाळी मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. म्हणजे घाटघर जितकी वीज देते त्याहून जास्त खाते. ते विजेचे कोठार आहे आणि त्या कोठाराची राज्याला गरज आहे, हे मान्य. विश्रामगडाच्या, म्हणजे पट्टा किल्ल्याच्या, आजूबाजूच्या माथ्यांवर पवनचक्क्या फिरतात. त्यांचीही वीज तारेवरून दूर जाते, पायथ्याच्या वाडीत थांबत नाही. 'तालुक्यात वीज तयार होते' हे वाक्य खरे असूनही वाडीच्या उपयोगाचे नाही, ते यामुळे.

यावर उत्तर तयार असते: आता प्रत्येक घरात जोडणी आहे. असेल. पण मोजमाप कसे होते तेही पाहावे. गावातल्या दहा टक्के घरांना आणि शाळा, पंचायत अशा सार्वजनिक जागांना वीज मिळाली की गाव विद्युतीकृत, अशी व्याख्या सरकारने २००४ पासून चालवली. २०१७ च्या सौभाग्य योजनेने घर मोजायला सुरुवात केली, ही सुधारणाच. तिने जोडण्या मोजल्या, तास मोजले नाहीत. जुलैच्या वादळात झाड तारेवर पडले आणि डीपी जळाला की वायरमन चिखल तुडवत वर येईपर्यंत वाडी अंधारात असते. तेव्हा मीटर भिंतीवर असतो आणि मोबाइल बंद पडलेला असतो. रुग्णाला न्यायला गाडी बोलवायची तरी कशी?

इथवर दुसरा पक्ष आपल्याशी सहमत असतो. तो म्हणतो, म्हणूनच तर सौरऊर्जा. घरावर पॅनल, शेतावर सौरपंप, चौकात सौरदिवा आणि प्रश्न मिटला. या पक्षाचा हेतू चांगला आहे आणि त्याची एक गोष्ट शंभर टक्के बरोबर आहे. शेतीला रात्रीच्या पाळीने वीज देऊन आपण शेतकऱ्याला बिबट्याच्या तोंडी देतो. अकोले-संगमनेरच्या ऊसपट्ट्यात रात्री दारे धरायला जाणे म्हणजे काय, ते ज्याने केले त्यालाच ठाऊक. दिवसा वीज देणारा कोणताही उपाय त्या भागात स्वागतार्ह आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना अकोल्याच्याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीत २०१७ मध्ये सुरू झाली, ती याच कारणाने योग्य होती.

पण जे तालुक्याच्या पूर्वेकडच्या देवठाणला चालते ते घाटघरला चालेलच असे नाही. ज्या चार महिन्यांत पश्चिम अकोल्यात तारा तुटतात, त्याच चार महिन्यांत तिथे सूर्य ढगाआड असतो. नुसत्या पॅनलवर विसंबलेली वाडी जुलैत दोनदा अंधारात जाईल, एकदा महावितरणच्या आणि एकदा सौरच्या. त्या महिन्यांत तिथे भरपूर असते ते उतारावरून पडणारे पाणी. कर्नाटकातल्या मलनाडात, शिमोगा आणि उत्तर कन्नडच्या डोंगरात, शेकडो कुटुंबे अंगणाशेजारच्या ओढ्यावर एक-दोन किलोवॅटची छोटी जनित्रे चालवतात. पाऊस तोच, सह्याद्री तोच. पावसाळ्यात ओहोळ आणि उरलेले आठ महिने ऊन, ही जोडी इथे आपसूक जमते. योजना राज्यभर एकाच मापाने कापलेल्या असल्यामुळे कागदावर ती दिसत नाही, आणि ओहोळासाठी अर्जाचा नमुना नाही म्हणून तो मोजलाही जात नाही.

सौरपंपाची तर वेगळीच गंमत. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अनुसूचित जमातीच्या शेतकऱ्याला फक्त पाच टक्के हिस्सा भरावा लागतो. उदार योजना आहे. मात्र अर्जदाराकडे पाण्याचा शाश्वत स्रोत हवा, ही अट आहे आणि ती तांत्रिकदृष्ट्या बरोबरही आहे, कारण कोरड्या विहिरीवर पंप बसवून काय उपयोग? परिणाम असा की ज्याच्याकडे विहीर आहे त्याला पंप मिळतो आणि ज्याच्याकडे वनहक्काचा उताराचा तुकडा आहे तो रांगेबाहेर राहतो. विहीरवाल्याचेही पुढे काय होते? विजेचे बिल शून्य झाले की उपशाला लगाम उरत नाही. ऊन आहे तोवर पंप चालू. शेजारच्या चार विहिरी मार्चमध्येच तळाला जाऊ लागतात. आधी मातीत पाणी मुरवायचे, मग किती उपसायचे ते ठरवायचे आणि शेवटी पंप बसवायचा, हा क्रम उलटला तर सौरपंप दुष्काळ पुढे ओढून आणतो.

बिहारच्या जहानाबाद जिल्ह्यातील धरनाई गावाचा दाखला इथे द्यायलाच हवा. २०१४ मध्ये ग्रीनपीसने तिथे १०० किलोवॅटची सौर वाहिनी उभारली, देशभर गाजावाजा झाला आणि माजी मुख्यमंत्री पाहायला आले तेव्हा गावकऱ्यांनी 'असली बिजली' मागितली. सरकारी वीज आली, सौर वीज महाग आणि तोकडी ठरली, बॅटऱ्या थकल्या आणि काही वर्षांत तो प्रकल्प बंद पडून जागेवर गुरे बांधली गेली. आपल्याकडचे 'वीज हवी तर तारेचीच' म्हणणारे हे उदाहरण आनंदाने सांगतात. त्यांनी पुणे जिल्ह्यातली दरेवाडीही पाहावी. पुण्याच्या ग्राम ऊर्जा संस्थेने तिथे २०१२ मध्ये सुमारे चाळीस घरांची छोटी सौर वाहिनी उभारली ती गावाचा न्यास करून, घरोघर मीटर बसवून आणि वापराप्रमाणे पैसे घेऊन. त्या पैशातून देखभाल करायची, हे पहिल्या दिवसापासून ठरलेले. पॅनल दोन्हीकडे होती. बॅटरी मेल्यावर नवी कोण आणणार, या प्रश्नाचे उत्तर एकाच ठिकाणी आधी लिहून ठेवले होते. आपल्या कित्येक चौकांत मान टाकून उभे असलेले सौर पथदिवे त्याच प्रश्नाची अनुत्तरित बाजू आहेत.

तिसरा पक्ष शहरातला, काजवे बघायला भंडारदऱ्याला येणारा. आदिवासी निसर्गाशी जुळवून घेतच आला आहे, त्याला यंत्रांनी बिघडवू नका, असा त्याचा सल्ला. स्वतः रात्री फोन चार्ज करून दिलेला. त्यावर शब्द खर्च करण्यासारखे फार नाही, पण हा पक्ष ज्या राहीबाई पोपेरे यांचे नाव घेतो त्यांचे काम त्याने नीट समजून घ्यावे. कोंभाळण्याच्या राहीबाईंना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी भात, नाचणी, वरई, वालाचे गावरान वाण जपले ते जुने ते सोने म्हणून छातीशी धरण्यासाठी नव्हे. कुठले वाण कमी पावसात उभे राहते, कुठले लवकर निसवते याची पारख करून त्यांनी बियाणे वेचले, बायकांचे गट बांधले, बायफसारख्या संस्थेची मदत घेतली आणि कळसूबाई परिसर बियाणे संवर्धन समिती उभी राहिली. जूनमधला खंड सोसणारे भाताचे बी हे पॅनलइतकेच हवामानबदलाविरुद्धचे साधन आहे. त्यात शहाणपण आहे, संघटना आहे आणि मालकी गावाची आहे.

माझा पक्ष याच मालकीचा आहे. अकोल्याच्या डोंगरातल्या वाडीला ऊर्जा आणि पाणी द्यायचे ते लाभार्थी म्हणून नव्हे, वाटेकरी म्हणून. हे मागणे हवेतले नाही. २००८ च्या राष्ट्रीय जलविद्युत धोरणातच हे तत्त्व आहे: प्रत्येक प्रकल्पबाधित कुटुंबाला दहा वर्षे महिना १०० युनिट आणि स्थानिक विकासासाठी एक टक्का वीज. पाणी आणि डोंगर ज्यांचे, त्यांचा निर्मितीत वाटा, हे केंद्राने कागदावर मान्य केले आहे. राज्याने डिसेंबर २०२३ मध्ये उदंचन प्रकल्पांचे धोरण आणले आणि सह्याद्रीत अशा प्रकल्पांचे करार होत आहेत. नवा करार करताना वरच्या धरणाकाठच्या वाड्यांचा वाटा त्यात आधी लिहावा, मग सही करावी.

वाटा आला की तो वाटायचा कसा, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पाणी पंचायत उभारून दिले. पाणी जमिनीच्या मापाने न देता माणशी अर्ध्या एकराला द्यायचे, भूमिहीनालाही द्यायचे, ऊस घ्यायचा नाही आणि खर्चाचा हिस्सा लाभधारकाने भरायचा. सौर उपसा योजनेला हे नियम जसेच्या तसे लागू पडतात. किती उपसायचे हे ठरवण्याची तयारीही तालुक्यात झालेली आहे. वॉटर संस्थेने २००९ नंतर अकोले-संगमनेरच्या गावांत पाणलोटाच्या कामाला हवामानाची जोड दिली, स्वयंचलित हवामान केंद्रे बसवली, पिकांचे सल्ले गावात पोहोचवले आणि पाण्याचा ताळेबंद मांडायला शिकवले. नवे शोधून काढण्यासारखे फारसे उरलेले नाही. आधी सार्वजनिक गरजा भागवाव्यात: नळपाणी योजनेचा सौरपंप, आश्रमशाळा, आरोग्य उपकेंद्र, भाताची गिरणी. घराघरावरची पॅनल त्यानंतर.

ग्रामसभेला हे झेपणार नाही, समित्यांत भांडणे होतात, असा आक्षेप येईल. भांडणे होतात, काही समित्या बुडतातही. ठेकेदाराने बसवून विसरलेले दिवे तर सगळेच बुडतात, आणि ते बुडाल्यावर जाब विचारायलाही कोणी सापडत नाही.

पैसा कुठला, हा आक्षेपही टिकत नाही. अकोल्याचा पश्चिम भाग पाचव्या अनुसूचीत आहे. अशा क्षेत्रासाठीच्या पेसा कायद्यात बसणाऱ्या गावांना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट देण्याचा निर्णय राज्याने २०१५ मध्ये घेतला आहे आणि तो खर्च कुठे करायचा हे ग्रामसभा ठरवते. तेव्हा राजूर, कोतूळ आणि घाटाकडच्या गावांतल्या ग्रामस्थांना सांगणे एवढेच: २ ऑक्टोबरची ग्रामसभा पावसाळा संपताना येते, विहिरीची पातळी तेव्हाच खरी कळते. त्या सभेत आधी पाण्याचा ताळेबंद वाचून घ्या. सौर योजनेच्या ठरावात बॅटरीच्या निधीचा आकडा आणि दुरुस्ती करणाऱ्या गावातल्याच दोन पोरा-पोरींची नावे लिहिलेली असतील, तरच हात वर करा.