तीन मिनिटांचा हिशेब

पुणेकराला एकवेळ पाणी कमी मिळालं तरी चालेल, पण इतिहास पोटभर लागतो. आमच्या शहरात कोण कुठे जन्मलं, कोण कुठे राहिलं आणि कोण कोणाशी कुठे भांडलं, हे सांगणारी माणसं दर चौकात भेटतात. पत्ता विचारला तर आधी पेशवाई सांगतात, मग डावीकडे वळायला सांगतात. अशा या शहरावर मी आज जाहीर आरोप करतो, की त्याला इतिहासाची काडीचीही पर्वा नाही. निदान ज्या इतिहासात गुडघे फुटलेली चौदा वर्षांची पोरं असतात, त्याची तर नाहीच नाही.

मी बँकेतला कारकून. आरोप करायचा तर व्हाउचर जोडून करावा, एवढं शिक्षण या नोकरीनं दिलेलं आहे. तेव्हा व्हाउचरं सादर करतो.

प्रकरण सुरू झालं कॅनडात. माझा मावसभाऊ टोरांटोजवळ राहतो. गेल्या दिवाळीत तो सहकुटुंब आला. त्याचा बारा वर्षांचा मुलगा तिकडे आइस हॉकी खेळतो. बर्फावरची हॉकी म्हटल्यावर आमच्या सौ.नी आधी त्याच्या घशाची चौकशी केली. मग भावानं मोबाइल काढून पोराच्या लीगचा हिशेब दाखवला. किती सामने, किती गोल, दुसऱ्याच्या गोलाला किती वेळा हातभार, शिक्षा म्हणून किती मिनिटं बाहेर बसला, सगळं तारीखवार. माझ्या पासबुकातसुद्धा इतक्या नोंदी नाहीत. अर्थात त्याचं कारण वेगळं आहे.

"दादा, हे आत्ताचंच नाही," भाऊ म्हणाला, "हे पहिल्यापासून लिहितात." आणि त्यानं सुरुवात केली. त्यांच्या प्रांताची ओंटारिओ हॉकी असोसिएशन १८९० सालची. ज्युनियर संघांसाठी मेमोरियल कप सुरू झाला १९१९ साली, पहिल्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ. आणि तो पहिला कप जिंकला टोरांटोच्या एका शाळेच्या पोरांनी! पुढे ज्याला सारं जग ओळखू लागलं, तो वेन ग्रेट्झ्की दहा वर्षांचा असताना, १९७१-७२ च्या हंगामात, त्याच्या ब्रँटफर्ड गावात ३७८ गोल करून बसला होता. शेकड्यांनी नाही, 'भरपूर' नाही, 'मोजता येणार नाहीत इतके' तर मुळीच नाही. ३७८. दहा वर्षांच्या पोरानं मारलेले गोल कोणीतरी बर्फात उभं राहून मोजले, लिहिले आणि कागद जपून ठेवला.

इथपर्यंत ठीक होतं. पण आमचे चिरंजीव, वय वर्षं तेरा, कोपऱ्यातून म्हणाले, "बाबा, तुमचं रेकॉर्ड दाखवा ना."

माझं रेकॉर्ड असं आहे. १९९४ साली आंतरशालेय खो-खोच्या अंतिम सामन्यात मी पूर्ण तीन मिनिटं पळालो. ज्यांनी खो-खो फक्त व्हरांड्यातून पाहिला, त्यांच्यासाठी सांगतो. मुलांच्या गटात सात मिनिटांची पाळी. पळणारे तीन-तीनच्या तुकडीनं आत येणार. समोर आठ गडी पाटीवर बसलेले, एकाआड एक तोंड फिरवून, आणि नववा यमासारखा मागे लागलेला. दोन खांबांच्या मध्ये साखळी करत, हुलकावण्या देत तीन मिनिटं काढायची, म्हणजे मार्चअखेर एकट्यानं काउंटर सांभाळण्यासारखं आहे. ही गोष्ट मी लग्नाआधी सौ.ना, लग्नानंतर सासऱ्यांना आणि पोराला तर तो पाळण्यात असल्यापासून सांगत आलो आहे. पण दाखवायचं काय?

मी शाळेत गेलो. कपाट होतं, कपाटात ढाली होत्या, कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली निवृत्त झालेल्या सरांकडे होती. काचेतून डोकावलं, तर ढालीवर वर्ष होतं आणि संघटनेचं नाव होतं. खेळणाऱ्या बाराजणांबद्दल ढालीचं काही म्हणणं नव्हतं.

मग स्पर्धा भरवणाऱ्यांकडे गेलो. तिथल्या गृहस्थांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि शांतपणे सांगितलं, "जुने कागद ना साहेब? ते सगळे पानशेतच्या पुरात गेले."

वाचकहो, पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ रोजी. माझा सामना १९९४ चा. तेहेतीस वर्षांनंतर होणाऱ्या सामन्याचे कागद आधीच वाहून नेणारा पूर जगात फक्त पुण्यालाच लाभला असेल. मी हे नम्रपणे निदर्शनास आणलं, तेव्हा ते म्हणाले, "मग रद्दीत गेले असतील. अहो, मुलांचे खेळ ते. त्याचं काय एवढं?"

'त्याचं काय एवढं' या तीन शब्दांवर माझा खरा राग आहे. कारण आपल्याकडे लिहीत नाहीत असं मुळीच नाही. खो-खोच्या मैदानाबाहेर टेबल टाकून गुणलेखक बसलेला असतो. कोण किती मिनिटं किती सेकंद पळाला, कोणी किती गडी मारले, खांबावर मारले की सूर मारून, हे सगळं तो उन्हातान्हात लिहितो. इतकं बारीक लिहिणारी माणसं असताना ते कागद जपायचं मात्र कोणाच्या मनात येत नाही. संध्याकाळी बक्षीस समारंभ होतो, पाहुणे 'खिलाडूवृत्ती'वर पाऊण तास बोलतात आणि त्या कागदांवर कोणीतरी बटाटेवडे ठेवतं. आमच्या बँकेत एका रुपयाचा फरक लागला, तर चार माणसं रात्रीपर्यंत तो शोधत बसतात. इथं आख्खी बालपणं खात्यात चढत नाहीत आणि कोणाला उशीर होत नाही.

शेवटी एका ग्रंथालयात वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली मिळाल्या. तीन रविवार मी धूळ खाल्ली. चौथ्या रविवारी, सिनेमाच्या जाहिरातीखाली, चार ओळींची बातमी सापडली. आमची शाळा जिंकली होती. कंसात खेळाडूंचे आकडे होते. त्यात माझं आडनाव होतं. आद्याक्षर चुकलं होतं, पण आडनाव माझंच. आणि पुढे लिहिलं होतं: १ मि. १० से.

मी चष्मा पुसला. आकडा तोच राहिला. एक मिनिट दहा सेकंद. गेल्या तीस वर्षांत मी माझ्याच खात्यात, कोणाच्याही सहीशिवाय, एक मिनिट पन्नास सेकंद जमा करून घेतले होते. ग्राहकानं असं केलं असतं, तर मीच त्याला मॅनेजरांच्या केबिनमध्ये पाठवलं असतं.

तीन मिनिटं दहा सेकंद पळाला होता तो आमचा कप्तान. त्याचं नाव बातमीत बरोबर छापलं होतं. आता ऐका. हाच कप्तान पुढे सरकारी नोकरीसाठी खेळाडूंच्या राखीव जागेतून अर्ज करायला गेला. आपल्या राज्यात २००५ पासून खेळाडूंना नोकऱ्यांत पाच टक्के जागा आहेत. पुढे त्याला मोठ्या स्पर्धेतही खेळायला मिळालं होतं, पण त्याचं प्रमाणपत्र भाड्याची खोली बदलताना हरवलेलं. दुसरी प्रत मागायला गेला, तर नोंदच नाही. खोट्या प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटणारे निघाले, म्हणून सरकार आता पडताळणी करतं, आणि ते बरोबरच आहे. पण पडताळायचं कशाशी? ज्याच्याकडे खोटा कागद होता, तो निदान रांगेत तरी उभा राहिला. याच्याकडे खरी तीन मिनिटं दहा सेकंद होती, त्यांना रांग नव्हती. आज तो एका सोसायटीच्या फाटकावर रात्रपाळी करतो. मी त्याला कात्रणाची झेरॉक्स नेऊन दिली. त्यानं ती दोनदा वाचली, घडी करून खिशात घातली आणि म्हणाला, "तू एक दहाच होतास होय? मला वाटलं, दोन तरी असशील."

आता कोणी म्हणेल, कॅनडाचं सोडा हो, तिथे पैसा आहे. आहेच. बर्फाचं मैदान, बूट, चिलखतं, पहाटे पोराला गाडीतून नेणारे आईबाप. भाऊ हप्ते सांगू लागला तेव्हा मलाच गार वाटायला लागलं. आपल्या खेळाला लागतात दोन खांब आणि बादलीभर फक्की. पण मी तिथला बर्फ मागतोच कुठे? मी वही मागतो. वही शंभर रुपयांत येते.

दुसरे म्हणतील, खो-खो आपल्या मातीतला, महाभारतापासूनचा, त्याला कागद कशाला? हे तर सर्वांत चमत्कारिक. रथाच्या चक्रव्यूहापर्यंतची वंशावळ आम्हाला तोंडपाठ. गेल्या मंगळवारी कोण जिंकलं ते सांगता येत नाही. चौदा वर्षांखालच्या सर्वोत्तम मुलाला 'भरत' आणि मुलीला 'इला' नावाचे पुरस्कार राष्ट्रीय स्पर्धेत देतात. नावं थेट पुराणातून आणली, पण तिथवर पोचण्याआधी ती पोरं ज्या मैदानांवर पळाली, तिथले कागद कुठे आहेत विचारा, म्हणजे पुन्हा पानशेत.

खरं तर या खेळाला कागदावर आणलं तेच पुण्यानं. १९१४ साली डेक्कन जिमखान्यानं त्याचे नियम बांधले. १९५९-६० मध्ये विजयवाड्याला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. २०२२ साली बालेवाडीत अल्टिमेट खो-खो लीग आली, आणि ओडिशानं तेलुगू संघाला ४६-४५ असं एका गुणानं हरवलं. तो एक गुण कोणी, केव्हा, कसा घेतला, याचं चित्रण आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुषांनी नेपाळला ५४-३६ आणि महिलांनीही नेपाळलाच ७८-४० असं हरवलं. दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, आमच्या पुण्याचे. दुसऱ्या दिवशी शहराची छाती फुगली. फुगू द्या. पण कॅमेरा येईपर्यंत ही पोरं काय हवेत वाढत होती? दर संध्याकाळी कुठल्या तरी मैदानावर ती पळत होती, आणि त्यांच्याबरोबर शंभरजण पळत होते, जे विश्वचषकाला पोचले नाहीत. त्या शंभरांचंही काही येणं निघतं.

माझी मागणी कारकुनी आहे. प्रत्येक शाळेनं, प्रत्येक संघानं एक जाड वही करावी. तारीख, नाव, मिनिटं, गडी, खाली सही. वही कपाटात आणि किल्ली शाळेत. पुतळा नको, पाटीसुद्धा नको.

दुसऱ्यांना सांगण्याआधी आपण करावं, म्हणून मी लाँगबुक विकत घेतलं. परवा चिरंजीवांचा चौदा वर्षांखालचा सामना होता. गुणलेखकाच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो आणि दोन्ही संघांच्या चोवीस पोरांची नावं लिहून काढली. चिरंजीव आत आले, एक हुलकावणी दिली, दुसरी देण्याच्या बेतात असताना पाठीवर थाप पडली. घड्याळ पाहिलं. बावीस सेकंद.

तो घामाघूम होऊन माझ्याजवळ आला, वहीत डोकावला आणि हळूच म्हणाला, "बाबा, निदान चाळीस तरी लिहा ना."

मी बावीस लिहिले. खाली सही केली. मग मागचं पान उघडून, १९९४ सालच्या रकान्यात, माझे एक मिनिट दहा सेकंदही चढवले.