विश्लेषण : अंगणातली तेलटाकी निघते, पण तिच्याखालच्या मातीचे काय?

अमेरिकेच्या ईशान्य भागात जुने घर विकत घेताना छत, पाया आणि वाळवीबरोबर आणखी एक तपासणी करून घ्या, असे वकील आणि दलाल हमखास सांगतात. अंगणाखाली तेलाची टाकी पुरलेली तर नाही ना? न्यू जर्सीत एडिसनच्या परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही जुने घर घेताना हा प्रश्न चुकत नाही. टाकी सापडली तर ती उपसून काढणे हा एक-दोन दिवसांचा मामला असतो. खरा खर्च आणि खरी धास्ती टाकीखालच्या मातीची असते.

टाकी तिथे आली कशी?

विसाव्या शतकाच्या मध्यात तिथली घरे तेलावर चालणाऱ्या भट्टीने गरम ठेवली जात. तेलासाठी साधारण 550 गॅलनची, म्हणजे सुमारे 2,080 लिटरची, साध्या पोलादाची टाकी जमिनीत पुरली जाई. पुढे नैसर्गिक वायूची जोडणी आली, भट्टी बदलली, टाकी मात्र राहिली. घर दोन-तीनदा विकले गेले की तिची आठवणही पुसली जाते. ओल्या मातीत पोलाद गंजते, टाचणीएवढी भोके पडतात आणि तेल थेंबाथेंबाने झिरपते. वर हिरवळ तशीच असते. म्हणूनच धातुशोधक किंवा जमिनीखालचे दाखवणारे रडार फिरवून टाकी शोधावी लागते.

टाकी काढतात कशी, माती तपासतात कशी?

आधी नगरपालिकेचा परवाना. वीज, पाणी, गॅसच्या वाहिन्या कुठून जातात याच्या खुणा जमिनीवर करून घेतल्या जातात. मग टाकीचा माथा उघडा करून तो कापतात, उरलेले तेल आणि तळाचा गाळ शोषून घेतात, आतून पुसून काढतात आणि मगच ती उचलतात. निरीक्षक पत्रा तपासतो, भोके शोधतो.

पण पत्रा धड दिसला म्हणून माती स्वच्छ ठरत नाही. जोडनळीतून किंवा भरताना सांडलेले तेलही खाली गेलेले असू शकते. त्यामुळे खड्ड्याच्या तळाचे नमुने घेतात आणि गळती दिसली तर भिंतींचेही. नमुना कसा घेतला यावर बरेच अवलंबून असते. पेट्रोलमधले बेंझिनसारखे घटक उडून जातात. चार ठिकाणची माती पाटीत कालवून ‘सरासरी’ नमुना केला, तर अहवाल स्वच्छ येऊ शकतो आणि माती दूषितच राहू शकते. असे नमुने लगेच बंद करून बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवावे लागतात. घरगुती तेल तुलनेने जड असते, म्हणून तिथे मुख्यतः जड हायड्रोकार्बनचे प्रमाण मोजतात. प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त निघाले की आणखी खणायचे, पुन्हा नमुने घ्यायचे. तेल भूजलापर्यंत पोहोचले असेल तर निरीक्षण विहीर खोदावी लागते आणि काम महिनोनमहिने रेंगाळते. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात बेंझिनची मर्यादा लिटरमागे अवघी 5 मायक्रोग्रॅम आहे. त्यामुळे थोडक्या गळतीनेही विहीर निकामी होऊ शकते.

कायदा कोणाला लागू?

पेट्रोल पंपांखालच्या टाक्यांसाठी अमेरिकी संसदेने 1984 मध्ये कायदा केला. 1986 मध्ये इंधनावर गॅलनमागे एक-दशांश सेंट कर लावून सफाईसाठी निधी उभारला. 1988 च्या नियमांनी जुन्या टाक्या सुधारण्यास, बदलण्यास किंवा बंद करण्यास 22 डिसेंबर 1998 पर्यंतची मुदत दिली. त्यानंतर खोदकाम सुरू झाले आणि गळत्यांची संख्या समोर आली. आजवर साडेपाच लाखांहून अधिक गळत्यांची नोंद झाली असून बहुतेक ठिकाणची सफाई पूर्ण झाली आहे. तारीख ठरलेली होती, पैशांची सोय होती, म्हणून पंपमालकांनी जमीन उकरली, असे म्हणायला हरकत नाही.

घर तापवण्यासाठी तिथल्या तिथे वापरायच्या तेलाच्या टाक्या मात्र या केंद्रीय कायद्यातून वगळल्या आहेत. राज्ये आपापले नियम करतात. न्यू जर्सीत गळती आढळली की राज्याच्या पर्यावरण विभागाला कळवावे लागते आणि सफाईची जबाबदारी घरमालकावर येते. घराच्या नेहमीच्या विम्यात हा खर्च सहसा धरलेला नसतो. मग विकणारा टाकी उकरायला का कचरतो, हे वेगळे सांगायला नको. काही जण टाकीत वाळू किंवा फेस भरून ती जागीच बंद करतात. तसे करता येते, पण टाकीखालच्या मातीचा अहवाल सोबत नसेल तर खरेदीदार अडून बसतो.

भारतात काय स्थिती?

भारतात घरगुती तेलटाक्यांचा प्रश्न जवळपास नाही, पंपांखालच्या टाक्यांचा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी 2020 मध्ये पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. नवे पंप शाळा, रुग्णालये आणि निवासी वस्तीपासून साधारणपणे 50 मीटर दूर असावेत, ही त्यातली चर्चेत राहिलेली अट. गेल्या वर्षांतली मोठी घडामोड म्हणजे जुलै 2025 मध्ये केंद्राने अधिसूचित केलेले दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम. स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी करायची, राज्य मंडळाने त्यांची तपासणी करायची आणि खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल करायचा, अशी ही रचना आहे. यादीत जागा येण्याची एक वाट लोकांच्या तक्रारीतून जाते. जमिनीखालच्या गळतीची तक्रार मात्र बहुधा शेजारच्या विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागल्यावरच होते, आणि तोवर तेल टाकीच्या खड्ड्यापासून बरेच लांब गेलेले असते.