विश्लेषण : बार्बेक्यूच्या सीखेवरचे ‘जंगली’ मांस खरेच जंगली असते का?

पुण्यातल्या एका बार्बेक्यू रेस्तराँच्या दारात गेल्या महिन्यात फलक लागला होता, ‘वाइल्ड गेम वीकेंड’. फलकावर शिंगांचे चित्र, पेटत्या निखाऱ्यांचा फोटो आणि खाली बटेर, ससा, टर्की अशी यादी. इंजिनीअरिंगच्या बॅचमधले आम्ही पाच जण गेलो. टेबलाच्या मधोमध शेगडी बसवून वेटर म्हणाला, ‘‘सर, एकदम जंगली आयटम आहे, आजच आलाय.’’ चव चांगली होती हे आधीच कबूल करतो. बटेरचे मांस कोंबडीपेक्षा गडद, हाडे बारीक आणि दह्या-मिरपुडीत मुरवून निखाऱ्यावर भाजले की ते लवकर शिजते. ससा मात्र कोरडा पडला होता. चरबी कमी असलेले मांस थेट आचेवर धरले की असे होतेच.

प्रश्न चवीचा नव्हता, ‘जंगली’ या शब्दाचा होता.

सीखेवर नेमके काय असते?

बहुतेक वेळा फार्मवर वाढवलेला पक्षी. हॉटेलांत ‘बटेर’ किंवा ‘क्वेल’ म्हणून मिळतो तो जपानी लावा. भारतात तो १९७४ साली उत्तर प्रदेशात बरेलीजवळच्या इज्जतनगरला संशोधनासाठी आणला गेला आणि तिथून देशभरच्या फार्मवर पोहोचला. साधारण पाच आठवड्यांत तो विक्रीयोग्य होतो. जागा कमी लागते, म्हणून कुक्कुटपालनाला जोडधंदा म्हणून अनेकांनी तो स्वीकारला. टर्की मूळची अमेरिकेची आणि एमू ऑस्ट्रेलियाचा. आपल्या रानात दोन्ही कधीच नव्हते. एमूपालनाच्या योजनांत गुंतवलेले पैसे २०१२ नंतर कसे बुडाले, हे ज्यांनी पैसे घातले त्यांना वेगळे सांगायला नको.

सशाच्या बाबतीत आपली भाषाच घोळ घालते. पिंजऱ्यात वाढवला जाणारा ससा मूळ युरोपातला, बिळात राहणारा. आपल्या माळरानावरचा ससा बीळ खणत नाही, झुडपाच्या आडोशाला बसतो. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने दोघांची प्रजातीच काय, कुळातली शाखाही वेगळी. इंग्रजीत दोघांना दोन नावे आहेत, मराठीत मात्र दोघेही ‘ससा’. त्यामुळे मेनूकार्डवर नुसते ‘ससा’ लिहिले तर त्यातून काहीच कळत नाही.

मग ‘जंगली’ म्हटले तर बिघडले काय?

मी व्यवस्थापकांना विचारले, माल कुठून येतो? आधी ते हसले. मग आत जाऊन पुरवठादाराचे बिल घेऊन आले. पक्षी जिल्ह्यातल्याच एका लावापालकाकडचे होते. आवाज उतरवून म्हणाले, ‘‘फार्मचं म्हटलं की लोकांना मजा येत नाही, सर.’’ म्हणजे माल कायदेशीर आणि जाहिरात खोटी. एवढ्यावर थांबले असते तर हा लेख लिहिलाच नसता.

पण आमच्या शेजारच्या टेबलावरच्या एका काकांनी बटेर संपवून वेटरला विचारले, ‘‘दादा, खरं रानडुक्कर मिळेल का? पैशाचं बघू नका.’’ वेटर बिचकला. म्हणाला, ‘‘इथे नाही मिळत सर, त्यासाठी हायवेला जावं लागेल.’’

मला खटकते ते हेच. खोट्या ‘जंगली’ची चटक लागलेला माणूस पुढच्या पायरीवर खरे जंगली मागतो. ती मागणी पुरी करायला कुठेतरी शेताच्या बांधावर तारेचा फास लागतो. त्या फासाला रानडुक्कर आणि तरस यांतला फरक कळत नाही, बिबट्याही त्यात अडकतो. पकडला कोण जातो? बहुतेकदा फास लावणारा, ज्याला त्या मांसाच्या किमतीतला लहानसा वाटा मिळालेला असतो. महाराष्ट्रात तितर-लाव्यांसाठी फासे लावण्याचे परंपरागत कसब फासेपारधी समाजाकडे होते. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यामुळे अशा अनेक समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. १९५२ मध्ये तो कागदावरून पुसला, पण संशयाची बोट आजही आधी त्यांच्याकडेच वळतात. ‘पैशाचं बघू नका’ म्हणणारे काका या गोष्टीत कुठेच दिसत नाहीत.

गोव्यात याच्या उलटा प्रकार चालतो. पावसाळ्यात पकडलेल्या मोठ्या बेडकांच्या तंगड्या काही ठिकाणी ‘जंपिंग चिकन’ या नावाने चोरून विकल्या जातात. तिथे रानातल्या जिवाला कोंबडीचे नाव देतात, इथे फार्मच्या पक्ष्याला रानाचे.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. त्यात २०२२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आधीच्या सहा परिशिष्टांची आता चार झाली. पहिल्या दोनमध्ये संरक्षित प्राणी, तिसऱ्यात वनस्पती आणि चौथ्यात आंतरराष्ट्रीय व्यापार करारातल्या प्रजाती. घोरपड आणि खवले मांजर पहिल्या परिशिष्टात आहेत, रानडुक्कर दुसऱ्यात.

हॉटेलचालकांनी दोन गोष्टी पाठच कराव्यात. पहिली, कायद्यातली ‘मांसा’ची व्याख्या. त्यात कच्चे आणि शिजवलेले दोन्ही येते, शिवाय रक्त, हाडे, चरबी आणि अंडीही. दुसरी, कलम ४४. वन्यप्राण्याचे मांस खाणावळीत शिजवणे आणि वाढणे यावरही या कलमाचे बंधन आहे. खाणावळ म्हणजे काय, तर पैसे घेऊन खाणे देणारी कोणतीही जागा. जेवणाचे पैसे राहण्याच्या भाड्यात धरले असले, तरीही. म्हणजे ‘आमचा फार्मस्टे आहे, हॉटेल नाही’ ही सबब चालत नाही.

पहिल्या परिशिष्टातल्या प्राण्याच्या बाबतीत गुन्हा सिद्ध झाला तर किमान तीन वर्षे, कमाल सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. इतर बहुतेक गुन्ह्यांना तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

फक्त खाणारा सुटतो का?

बहुतेकांचा समज तसाच आहे. पण कलम ४९ नुसार अधिकृत विक्रेत्याखेरीज इतर कोणाकडून वन्यप्राण्याचे मांस विकत घेणे किंवा स्वीकारणे हाही गुन्हा आहे. काकांनी हे वाचायला हवे.

परवानगीने मारलेल्या रानडुकराचे काय?

इथे शेतकऱ्याची बाजू ऐकायलाच हवी. रानडुकरांचा कळप एका रात्रीत मक्याचे किंवा भुईमुगाचे शेत उलथून टाकतो. भरपाईचे कागद रंगवून हात दुखतात. नुकसान करणारे जनावर मारण्याची परवानगी विहित पद्धतीने मिळू शकते. पण कलम ३९ नुसार असे मारलेले जनावर आणि त्याचे मांस ही राज्य सरकारची मालमत्ता ठरते. ते विकता येत नाही. ‘माझे पीक खाल्ले, मग मी त्याला का खाऊ नये?’ या प्रश्नाला गावात कोणाकडे पटेल असे उत्तर नाही, हे मान्य करू. पण हायवेवरच्या ढाब्याला तो माल खुला झाला तर पिकाला त्रास न देणारी जनावरेही त्याच ताटात येतील, ही भीतीही खरी आहे.

परदेशात ‘वाइल्ड गेम’ मिळते, ते कसे?

हा शब्द जिथून आला त्या अमेरिकेतही शिकाऱ्याने मारलेले हरीण रेस्तराँला विकता येत नाही. बहुतेक राज्यांत तशी बंदी आहे. तिथल्या मेनूवरचे हरणाचे मांस सहसा फार्मचे असते, बरेचसे न्यूझीलंडहून आलेले. एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी झालेल्या शिकारीत तिथे कबुतरांची एक अख्खी प्रजाती संपली, त्यातून ही शहाणीव आली. ब्रिटनमध्ये मात्र बंदुकीने मारलेला फेझंट उघड विकला जातो आणि मांसात छर्रे असू शकतात अशी सूचनाही सोबत असते.

भाजल्यावर कोणता प्राणी, हे ओळखता येते?

डोळ्यांनी नाही. पिसे काढून मसाला लावलेला रानलावा आणि फार्मचा लावा ताटात सारखेच दिसतात. प्रयोगशाळेत मात्र ओळख पटते. पेशीतल्या मायटोकाँड्रियामध्ये डीएनएच्या असंख्य प्रती असतात, त्यामुळे शिजवल्यानंतरही काही तुकडे शाबूत राहतात आणि त्यावरून प्रजाती सांगता येते. हैदराबादच्या ‘सीसीएमबी’ने या कामात मोठी मजल मारली आहे. ‘मटणच होते साहेब’ हा बचाव आता पूर्वीसारखा टिकत नाही.

ग्राहकाने काय करावे?

प्राण्याचे पूर्ण नाव विचारावे आणि फार्म कोणता, तेही. अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक बिलावर असायला हवा, तो पाहावा. पण त्यावरून हॉटेलला परवाना आहे एवढेच कळते, मांस कुठले ते नाही. म्हणून पुरवठादाराचे बिल मागायला लाजू नये. कोणी खरोखरच रानातले मांस देऊ करत असेल तर महाराष्ट्र वन विभागाची १९२६ ही मदतवाहिनी आहे.

आम्ही निघताना बिल नीट पाहिले. बटेरच्या दोन जादा प्लेट आणि कर, एवढेच. ‘वाइल्ड’ हा शब्द त्यावर कुठेच नव्हता.