हात मातीत घाला, पण तेल लावून
दिवाळी सरली की हवा कोरडी होते आणि साठी ओलांडलेल्यांच्या पोटऱ्यांवर पांढरे ओरखडे उठू लागतात. वयानुसार त्वचेतल्या तैलग्रंथी मंदावतात. त्यात कढत पाणी आणि अंगभर साबण म्हणजे उरलंसुरलं तेलही वाहून जातं. म्हणून पाणी कोमट घ्या, साबण काखा-जांघांपुरता ठेवा आणि अंग टिपून ते दमट असतानाच खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली लावा. तळपायांना लावलीत तर मोजे घाला, नाहीतर फरशीवर पाय घसरेल. हेच दिवस मेथी-कोथिंबिरीचेही. धणे लाटण्याने हलके रगडून त्यांच्या दोन फाका करा, रात्रभर भिजवून पेरा. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. मेथी तर तीन-चार दिवसांतच माती उचलते आणि महिनाभरात भाजीला येते. कुंड्या कमरेच्या उंचीच्या कट्ट्यावर ठेवा. वाकून झटकन उठताना चक्कर येते, तोल जातो. हातमोजे घाला, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनला 10 वर्षं उलटली असतील तर डॉक्टरांना विचारा. मधुमेह असलेल्यांनी रोज रात्री तळपाय आरशात पाहावेत. भेग दुखत नाही म्हणून ती किरकोळ ठरत नाही. उतारवयात तहान कमी जाणवते, तेव्हा झाडांना पाणी घातलंत की स्वतःही पेलाभर प्या. घरातल्या तरुणांनी मातीची पोती तेवढी उचलून द्यावीत. पेरणी आणि खुडणी मात्र आई-बाबांनाच करू द्यावी.