वाढत्या अंगाची सायकल

आपल्याकडे लहानपणी सगळं वाढत्या अंगाचं घेतात. शाळेचा युनिफॉर्म, बूट, दिवाळीचा फ्रॉक... 'दोन वर्षं तरी चालला पाहिजे!' सायकलचंही तेच. धरमपेठेतल्या आमच्या गल्लीत मी सायकल शिकले ती थेट बाबांच्या चोवीस इंचीवर. सीटवरून पाय पुरेनात, म्हणून दांड्याखालून पाय घालून, कैची मारत.

दहाव्या वर्षी ते ठीक होतं हो. पण एकोणतिसाव्या वर्षी, स्वतःच्या पगारातून रोड बाईक घेताना मी पुन्हा वाढत्या अंगाचीच घेतली! माझी उंची पाच फूट अर्धा इंच. (तो अर्धा इंच मी कुणाला सोडत नाही.) आणि ती आता वाढायची काही चिन्हं नाहीत.

रोड बाईकचं वेड लागायला कारण घरचंच होतं. आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' एकट्याने पूर्ण केली, सुमारे ४,९०० किलोमीटर. पुढच्याच वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक, ९,००० किलोमीटरच्याही वर! आपल्या गावचा माणूस हे करतो म्हटल्यावर आपण निदान रामटेकला जाऊन यावं, असं वाटणारच ना? जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर. बस्स, एवढंच स्वप्न.

दुकानात गेले. ''मॅडम, छोटी साईज स्टॉकमध्ये नाही. ही चोपन्न आहे. सीट खाली करून देतो ना, काही नाही होत! सवय होऊन जाते.'' सीट खाली झाली, पाय टेकले, मी खूश. कार्ड स्वाइप!

पहिल्या आठवड्यात फुटाळा, सेमिनरी हिल्स, तर्री पोहे, फोटो... सगळं झकास. दुसऱ्या आठवड्यात मान धरली. मग हाताची शेवटची दोन बोटं बधिर व्हायला लागली, इतकी की ऑफिसात माऊस नीट पकडता येईना. वरच्या फळीवरचा डबा काढताना आपण कसे ताणतो? तशी मी तासन् तास सायकलवर ताणलेली असायची. ग्रुपमध्ये सल्ले सुरू झाले. ''स्ट्रेचिंग कर.'' ''तुझा कोअर वीक आहे.'' मीही मान डोलावली. आपलंच काहीतरी कमी आहे, हे पटायला आपल्याला वेळ कुठे लागतो!

आणि मग एका पहाटे वर्धा रोडवर कुत्रं आडवं आलं. ब्रेक दाबायला गेले तर लिव्हरपर्यंत पोचली फक्त बोटांची टोकं. ब्रेक लागला, पण अर्धाच. कुत्रं वाचलं, माझ्या कोपराला चार टाके. आई म्हणाली, ''विकून टाक ती.'' मी जाहिरातीचा मजकूरसुद्धा लिहिला. सायकलिंग हे आपलं काम नाही, विषय संपला.

वाचवलं ते ग्रुपमधल्या एका काकांनी. आयुष्यभर कारखान्यात फिटरकी केलेला माणूस. खिशातून मेजर टेप काढत म्हणाले, ''वीक ना, पण आधी बसून दाखव.'' मी बसले. ''आता ब्रेकवर बोटं ठेव. किती पोचली?''

''नखं पोचली काका.''

''मग स्ट्रेचिंग तुला कशाला सांगून राहिले हे लोक? सायकलच दोन साईज मोठी आहे पोरी.''

त्या दिवशी मला कळलं की सीट खाली केल्याने फक्त उंचीचा प्रश्न सुटतो. खरा प्रश्न असतो लांबीचा. सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर फ्रेम ठरवते आणि फ्रेम काही आटत नाही. मी शहाणपणा करून सीट पुढे सरकवली होती. काका म्हणाले, तो तर उलटा उपाय. पेडलच्या हिशेबात गुडघा भलत्याच जागी येतो आणि मानेचं दुखणं गुडघ्यात उतरतं.

तर माझ्यासारख्या 'पॉकेट साईज' मंडळींसाठी (मुलगे हो, तुम्हीसुद्धा!) काकांचा क्रॅश कोर्स. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही पायांमध्ये सीटसारखं वर घट्ट धरा आणि जमिनीपासून त्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. या मापाला ०.८८३ ने गुणा. क्रँकच्या मध्यापासून सीटच्या वरपर्यंतची उंची साधारण तेवढी हवी. तीन वेळा टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँडमुळे हे गणित प्रसिद्ध झालं. माझं माप ७० सेंटिमीटर, म्हणजे सीट ६१.८ वर.

मग फ्रेम. एका कंपनीची 'स्मॉल' दुसरीची 'मीडियम' असू शकते, म्हणून स्टिकरवर जाऊ नका. कंपनीच्या तक्त्यात 'रीच' आणि 'स्टॅक' हे दोन आकडे बघा. रीच म्हणजे लांबी, स्टॅक म्हणजे पुढची उंची. फ्रेम बरोबर असेल तर उरलेलं पार्ट बदलून जमतं. स्टेम ११० ऐवजी ८० मिलिमीटरचा, हँडल खांद्याच्या रुंदीचं (मला ३८ सेंटिमीटर पुरतं, माझ्या सायकलला ४२ होतं!), क्रँक १७० ऐवजी १६५ चा. आणि ब्रेक लिव्हर जवळ आणायला बऱ्याच लिव्हरमध्ये चक्क एक छोटा स्क्रू असतो. पाच मिनिटांचं काम! माझे टाके आठवून मी तो स्क्रू बराच वेळ बघत बसले.

हे दुखणं जुनंच आहे म्हणा. चाकं सगळ्यांना सारखीच, मग फ्रेम लहान केली की वळताना पायाची बोटं पुढच्या चाकाला लागतात. अमेरिकेत जॉर्जिना टेरी या इंजिनीअर बाईंनी १९८५ मध्ये कंपनीच काढली आणि सायकलला पुढचं चाक लहान लावलं. आणि उंचीने काही अडतं म्हणाल, तर ब्रिटनची एमा पूली बघा. साधारण पाच फूट दोन इंच! २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये रौप्य, २०१० मध्ये टाइम ट्रायलची वर्ल्ड चॅम्पियन.

मग मी जाहिरात दिलीच, फक्त मजकूर बदलला. 'उंची पाच फूट सातच्या वर असेल तरच फोन करा.' ऑफिसातल्या एका उंच मुलाला ती अशी बसली की मला जळायलाच झालं. माझ्या अठ्ठेचाळीससाठी दोन महिने थांबले. दुकानदार रोज काहीतरी दुसरंच खपवायला बघायचा, अगदी गुलाबी 'लेडीज' मॉडेलसुद्धा. रंगाने माप बसत नाही, असं म्हणून मी दोन वेळा परत आले. तिसऱ्या वेळी वीस मिनिटं चालवून बघितल्याशिवाय पैसे दिले नाहीत.

रामटेक झालं. गडाचा चढ सायकल हातात धरून चढले, खोटं कशाला बोलू! पण परतताना बोटं जागी होती, मान जागेवर होती आणि प्रत्येक उतारावर ब्रेकवर दोन-दोन बोटं आरामात बसली होती.

गेल्या रविवारी ताई भाचीसाठी सायकल घ्यायला निघाली. ''जरा मोठीच घेऊ, पाचेक वर्षं पुरेल.'' भाचीने माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. फक्त आतून मेजर टेप घेऊन आले.